घराचा फोटो हाही शब्दच असतो

फोटोत एक पिवळा पडदा होता. हॉलच्या टोकाला, जमिनीपर्यंत आलेला, मागून ऊन आल्यामुळे उजळून निघालेला. त्याच्यापुढे सोफा, मध्ये टीपॉय, आणि तरीही दोन माणसं सहज ये-जा करतील एवढी मोकळी जागा. माझ्या भाचीनं अंबाजोगाईहून तो फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, हे बघ ना. सिंहगड रोड टच, वन बीएचके, सेमी फर्निश्ड, २४ तास पाणी. सोळा हजार भाडं." तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि रुजू व्हायला जेमतेम दहा दिवस उरले होते. मी नेमकी त्या आठवड्यात सासरी गावाला गेलेले, त्यामुळे घर जाऊन बघणारं कुणी नव्हतं. दलाल फोनवर म्हणाला, दुसरी पार्टी तयार आहे, टोकन टाका म्हणजे तुमच्यासाठी थांबवतो. पाच हजार रुपये गेले.

रविवारी पहाटे ती आणि तिचा नवरा रात्रीच्या गाडीनं स्वारगेटला उतरले. दोन बॅगा, एक शेगडी आणि आईनं बांधून दिलेलं अर्धं पोतं ज्वारी. मीही तोवर परतले होते. घर सिंहगड रोडला नव्हतंच. नऱ्ह्यात होतं, मुख्य रस्त्यापासून दोनेक किलोमीटर आत, चढावर. पडदा मात्र खरा निघाला. मी तो बाजूला सारला. मागे खिडकी, आणि खिडकीपासून हातभर अंतरावर भिंत. सांडपाण्याचे पाइप, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन, त्याच्याखाली तेलकट काळे ओघळ. त्या डक्टमध्ये भर दुपारी बारालाही ऊन उतरणं शक्य नव्हतं. फोटोतलं ऊन नंतर घातलेलं होतं.

मी फरश्या मोजल्या. दोन फूट बाय दोन फुटांच्या साध्या व्हिट्रिफाइड टाइल्स. लांबीला साडेपाच, रुंदीला साडेचार. म्हणजे हॉल अकरा बाय नऊ. फोटो बघून आम्ही तिघांनीही तो सोळा-सतरा फुटांचा धरला होता. घरी आल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला आणि त्यातल्या फरश्या मोजल्या. तिथेही साडेपाचच होत्या. मला त्या रात्री सगळ्यात जास्त टोचलं ते हे. फरशी एकही वाढवलेली नव्हती, फक्त प्रत्येक फरशी ताणून लांब केली होती.

दलालाला विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "फोटो असेच काढतात मॅडम. थोडं समजून घ्यायचं असतं."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य आपण सगळ्यांनी मान्य करून टाकलंय. घराच्या जाहिरातीत फुगवून सांगणारच, बघणाऱ्यानं चार पावलं मागे धरूनच वाचायचं, डोळे उघडे ठेवायची जबाबदारी घेणाऱ्याची, असं आपण एकमेकांना व्यवहारज्ञान म्हणून सांगतो. मला हे पटत नाही. जाहिरात टाकणारा माणूस ते घर बघून आलेला असतो आणि वाचणाऱ्यानं ते बघितलेलं नसतं. बघितलेल्यानं न बघितलेल्याला जे सांगितलं, मग ते अक्षरांत असो की फोटोत, तो त्यानं दिलेला शब्द आहे. आणि शब्द मोडला तर त्याची भरपाई झाली पाहिजे, हे आपण उसनवारीत आणि भाजीच्या तराजूतसुद्धा मानतो. मग माणूस आयुष्यातला सगळ्यात मोठा किंवा महिन्यातला सगळ्यात मोठा खर्च जिथे करतो, तिथेच ते का सोडून द्यायचं?

आधी हे होतं कसं ते सांगते. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये ०.५ असं लिहिलेलं भिंग असतं. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून, फोन छातीच्या उंचीवर धरून त्या भिंगातून फोटो काढला की जवळची जमीन पसरते आणि समोरची भिंत लांब जाते. दहा फुटांची खोली पंधरा फुटांची वाटते. ओळखायचं असेल तर फोटोच्या कडांकडे बघावं. कडेला आलेला पंखा गोल न राहता लांबुळका होतो, फ्रिज बाहेरच्या बाजूला कललेला दिसतो, स्विचबोर्ड रुंदीला ताणला जातो. मग येतं ॲप. ते एका बोटानं उजेड वाढवतं, खिडकीबाहेर आभाळ घालतं, भिंतीवरचा ओलीचा डाग पुसून टाकतं. आता तर रिकाम्या खोलीचा फोटो दिला की कृत्रिम बुद्धिमत्ता त्यात सोफा, कुंड्या, गालिचा मांडून देते. खोलीच्या मापात न बसणारा सोफासुद्धा चित्रात छान बसतो. आमच्या त्या हॉलमध्ये खराखुरा तीन जणांचा सोफा ठेवला असता तर बेडरूमचं दार अर्धंच उघडलं असतं.

शब्दांचंही तसंच. सेमी फर्निश्ड म्हणजे पंखे, ट्यूबलाइट आणि नशीब असेल तर एक कपाट. रोड टच म्हणजे सोसायटीकडे जाणारा कुठलातरी रस्ता कुठेतरी मुख्य रस्त्याला मिळतो. स्टेशनपासून पाच मिनिटं हे पहाटे पाचला, मोकळ्या रस्त्यावर, दुचाकीवर मोजलेलं असतं. बावधनच्या पलीकडच्या जमिनीला कोथरूडचं नाव जोडतात, कर्जत-नेरळकडच्या प्लॉटला नवी मुंबई विमानतळाचं. गावाचं नाव बदलून भाव वाढतो, अंतर तेवढंच राहतं.

क्षेत्रफळाचं खोटं सगळ्यात जुनं. महाराष्ट्रात १९६३ पासून मोफा कायदा आहे. बिल्डरनं जमिनीची मालकी, मंजूर नकाशे, सगळं उघड करावं, हे त्या कायद्यानं साठ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तरी सुपर बिल्टअप नावाचा आकडा बाजारात राज्य करत राहिला. जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाउस यांतला आपला वाटा आपल्याच खोल्यांत मिसळून सांगायचा. सातशे फुटांच्या घरावर चाळीस टक्के लोडिंग चढवलं की जाहिरातीत नऊशे ऐंशी फूट होतात. बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्याच करून टाकली. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, आतल्या भिंती धरून, घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. विक्री त्या मापावरच करायची. तर लगेच युजेबल कार्पेट नावाचा नवा शब्द आला आणि वगळलेली बाल्कनी मागच्या दारानं पुन्हा आत आली. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत तर अजूनही सर्रास बिल्टअपचाच, म्हणजे भिंती-बाल्कनी धरलेला, आकडा लिहितात आणि पुढे बिल्टअप हा शब्द गाळतात.

नव्या बांधकामांच्या बाबतीत कायदा आज बऱ्यापैकी खंबीर आहे, आणि हे लोकांना पुरेसं माहीत नाही म्हणून थोडं थांबून सांगते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेरा कायद्याचं कलम १२. जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विश्वासून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची, आणि घेणाऱ्याला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत करायची. कायद्यात सॅम्पल फ्लॅटचा उल्लेख स्पष्टपणे आहे. तो लिहिणाऱ्यांना मनापासून धन्यवाद द्यावेसे वाटतात, कारण ज्यानं सॅम्पल फ्लॅट नीट बघितलाय त्याला माहीत असतं तिथे काय करतात. आतल्या खोल्यांची दारं काढून ठेवतात, भिंतभर आरसे लावतात, पलंग नेहमीपेक्षा आखूड बनवून घेतात.

माहितीपत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की चित्रं केवळ कल्पनादर्शक आहेत. बिल्डरची माणसं त्या ओळीकडे बोट दाखवतात. पण केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक नियम काढले आहेत. खुलाशाची ओळ मूळ दाव्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, खोट्या दाव्याची दुरुस्ती म्हणून ती वापरता येत नाही, आणि दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत खुलासा हवा, असं ते नियम सांगतात. आता आपल्याकडच्या मराठी होर्डिंगवरचा खुलासा कुठल्या भाषेत असतो ते येता-जाता बघा. मथळा मराठीत, 'स्वप्नातलं घर' मराठीत, आणि हात झटकणारी ओळ इंग्रजीत.

कल्पनाचित्रांबद्दल मला आणखी एक गोष्ट बोलायची आहे, ती कायद्याच्या कलमात येत नाही. त्या चित्रात टॉवरच्या भोवती झाडी असते, पाण्याचं कारंजं असतं, पोरं सायकल चालवत असतात. प्रत्यक्ष जागेवर गेलं की कुंपणाला लागून वस्ती असते. पत्र्याची घरं, सार्वजनिक नळ, एखादं बुद्धविहार, एखादं मारुतीचं देऊळ, नाल्यावरची पायवाट. चित्रात तिथे हिरवळ रंगवलेली असते. चाळीस-पन्नास वर्षं तिथे राहणारी माणसं विक्रीला अडचण होतात म्हणून चित्रातून खोडलेली असतात. आणि उद्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांच्या घरांत भांडी घासायला, गाड्या धुवायला, गेटवर उभं राहायला त्याच वस्तीतली माणसं येणार असतात. घेणाऱ्याची फसवणूक यात आहेच, पण त्या शेजाऱ्यांचा अपमानही आहे. पहिल्याची दाद कुठेतरी मागता येते, दुसऱ्याची कुठेच नाही.

नोंदणी क्रमांक आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. डोंबिवली आणि आसपासच्या ६५ इमारतींचं प्रकरण सगळ्या राज्यानं बघितलंय. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेराची नोंदणी मिळवली गेली, त्या क्रमांकावर जाहिराती झाल्या, बँकांची कर्जं झाली, माणसं राहायला आली. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तिथल्या कुटुंबांनी डोळे मिटून घर घेतलं होतं असं कोण म्हणेल? त्यांनी जाहिरात वाचली, सरकारी क्रमांक तपासला, बँकेनं हो म्हटलं म्हणून घेतलं. घेणाऱ्यानं आणखी किती समजून घ्यायचं असतं?

पण माझ्या भाचीला यातलं काहीच लागू नव्हतं. भाड्यानं घेणारा रेरा कायद्याच्या दृष्टीनं 'अलॉटी', म्हणजे घर विकत घेणारा ग्राहक, नसतो. जुन्या इमारतीतला फ्लॅट विकणारा एकटा मालक 'प्रमोटर', म्हणजे बिल्डर, नसतो. दलालांना नोंदणी आहे, आता परीक्षाही आहे, पण ते सगळं नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीभोवती फिरतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त माणसं रोज घर शोधतात, भाड्याच्या आणि फेरविक्रीच्या बाजारात, तिथे जाहिरातीतल्या शब्दाला विचारणारं कुणी नाही. नवा टॉवर विकणाऱ्याला कायदा एक चित्र खोटं काढू देत नाही आणि नऱ्ह्यातल्या वन बीएचकेत ऊन घालणाऱ्याला काहीच म्हणत नाही.

ग्राहक कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. दलाल पैसे घेऊन सेवा देतो, त्याच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही, आणि १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. हे सगळं प्रत्येकानं लक्षात ठेवावं. पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, परक्या शहरात, पाच हजारांसाठी तारखांना जाणारी चोवीस वर्षांची मुलगी मला दाखवा. दलालाला हे पक्कं माहीत असतं. टोकनची रक्कम म्हणूनच तेवढी ठेवतात, की गेली तर रडू यावं पण भांडायला परवडू नये.

बहुतेक वेळा तर टोकनपर्यंतही जात नाही. ज्या घराचा फोटो बघून फोन केला ते घर 'कालच गेलं', पण दुसरं आहे, या, दाखवतो. ते घर काल गेलेलं नसतं, सहा महिन्यांपूर्वी गेलेलं असतं. चांगल्या घराचे फोटो गळाला लावून ठेवतात आणि पकडलेल्या माणसाला वाईट घरं दाखवत फिरवतात. एका संध्याकाळी चार घरं, प्रत्येक ठिकाणी जिने चढायचे, रिक्षाचे पैसे, अर्धी रजा. जो पुण्यातलाच आहे तो चिडून घरी जातो. जो नांदेडहून, चंद्रपूरहून, सिंधुदुर्गातून आलाय त्याला रात्री राहायला जागा नसते, म्हणून तो चौथ्या घराला हो म्हणतो. या खोट्याचा सगळा धंदा त्या दमलेल्या 'हो'वर चालतो. पत्नी गरोदर असलेला, म्हातारी आई बरोबर असलेला, पहिल्यांदाच गाव सोडलेला माणूस त्यात आधी सापडतो. आणि जाहिरातीत जी अट लिहिलेली नसते ती दारात कळते. "आडनाव काय म्हणालात?" हा प्रश्न ज्यांना विचारला जातो त्यांना माहीत आहे की न लिहिलेली अट हीसुद्धा दिशाभूलच असते. नकोच द्यायचं होतं तर त्यांना उन्हातान्हात बोलावलं कशाला?

त्या जाहिरातीतलं '२४ तास पाणी' राहिलं. इमारतीच्या गेटपाशी टँकरनं केलेला चिखल होता आणि जिन्याखाली टँकरवाल्याचा नंबर भिंतीवर रंगवलेला. नऱ्ह्यासह पुण्याभोवतीची २३ गावं जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण नळाचं पाणी त्या वेगानं पोचलं नाही. टाकीत टँकरचं पाणी असेल तर नळाला २४ तास पाणी येतंच, त्यामुळे जाहिरात लिहिणारा म्हणेल मी खोटं बोललो नाही. पण जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रोडच्या याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले, चालती-बोलती माणसं अंथरुणाला खिळली, काही दगावली, आणि संशय दूषित पाण्यावर गेला. पाणी नळाचं की टँकरचं की बोअरचं, ही माहिती त्या भागात जीवनमरणाची आहे. ती 'सुविधा' या रकान्यातली एक टिकमार्क नव्हे.

तसंच नदीचं. रिव्हर व्ह्यू लिहून जानेवारीतला फोटो टाकतात. शांत पाणी, काठावर बगळे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं, माणसांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा सरकारनं नकाशावर आखलेली असते. घर त्या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे मी आजवर एकाही फेरविक्रीच्या जाहिरातीत वाचलेलं नाही. फोटो खरा असूनही खोटं बोलू शकतो, कारण तो कुठल्या ऋतूत काढला हे तो सांगत नाही. कोकणातले आणि मावळातले प्लॉट जुलै-ऑगस्टच्या फोटोंवर विकतात. सगळीकडे हिरवं, मागे धबधबा. एप्रिलमध्ये त्याच जागी गेलं की करपलेलं गवत, कोरडी विहीर आणि गावातल्या बायका हंडे घेऊन रांगेत. म्हणून मला वाटतं की जाहिरातीतल्या प्रत्येक फोटोवर तो काढल्याची तारीख असणं सक्तीचं हवं. फोन ती आपोआप नोंदवतो, जाहिरात टाकताना ती पुसली जाते एवढंच.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ, स्वतः दोन फ्लॅट भाड्यानं देतात, मला म्हणाले की लग्नाच्या स्थळाचा फोटोही आपण चांगलाच काढतो, मग घराचा काढला तर काय बिघडलं. मुद्दा विचार करण्यासारखा आहे. घर झाडून-पुसून, दिवे लावून, सकाळच्या उजेडात फोटो काढावा, त्याला माझी काहीच हरकत नाही. मालकानं आपलं घर प्रेमानं दाखवावं. पण स्थळ बघायला जायच्या आधी कुणी टोकन मागत नाही. फोटो बघून माणसं भेटतात, बोलतात, चार ठिकाणी चौकशी करतात, मग ठरवतात. घराच्या बाजारात फोटो हीच भेट झाली आहे, कारण दलालच घाई करतो. आणि माणसाच्या दिसण्याला माप नसतं, घराला असतं. ०.५ च्या भिंगानं फोटो काढायचा असेल तर खुशाल काढा, शेजारी खोलीची लांबी-रुंदी लिहा. टेप दीडशे-दोनशे रुपयांना मिळते.

छोट्या दलालांवर बोजा पडेल, हेही ऐकलं. मी अशा दलालांना ओळखते. आमच्या भागात एक काका आहेत, तीस वर्षं हेच काम करतात. ते फोटो पाठवतच नाहीत, 'बघायला या' म्हणतात आणि फोनवरच सांगून टाकतात की तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, मालकीणबाई रात्री अकरानंतर गेट उघडत नाहीत. त्यांचा धंदा खोट्या फोटोंनीच मारलाय. खरं सांगणाऱ्याचं घर यादीत तळाला जातं आणि उन्हाचं घर वर राहतं. जाहिरातीची संकेतस्थळं म्हणतात, माहिती टाकणारा तिसराच, आम्ही फक्त फळा आहोत. पण त्या फळ्यावर वरची जागा ते पैसे घेऊन देतात. पैसे घेऊन एखादी जाहिरात वर आणली की ती तपासायची थोडीतरी जबाबदारी येते, असं मी म्हणते. निदान भाडेकरू येऊन राहिलेल्या घराची जाहिरात ठरावीक दिवसांत उतरवणं आणि ज्या दलालाबद्दल वारंवार तक्रारी येतात त्याला यादीतून काढणं, एवढं तरी.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२६ पासून नियम आला आहे की विक्रीच्या घराच्या फोटोत डिजिटल फेरफार केला असेल तर तसं स्पष्ट सांगायचं आणि मूळ फोटोही बघायला उपलब्ध करून द्यायचा. मला हा नियम साधा आणि न्याय्य वाटतो. सजवलेला फोटो लावा, पण न सजवलेलाही शेजारी ठेवा. महाराष्ट्रात हे करायला कुणाची वाट बघायची गरज नाही. महारेरानं फोटोंच्या बाबतीत असाच आदेश नव्या प्रकल्पांसाठी काढावा.

भाड्याच्या आणि फेरविक्रीच्या घरांसाठी मला त्याहून सोपी गोष्ट सुचते. जाहिरातीची प्रत कराराला जोडा. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. त्या करारात पत्ता, भाडं, अनामत सगळं येतंच. त्याच्या मागे एक परिशिष्ट यावं, जी जाहिरात बघून हा व्यवहार झाला तिचे शब्द आणि फोटो, जसेच्या तसे. नव्या प्रकल्पांत पार्किंगची जागा आणि मापं अशीच परिशिष्टात लिहायला महारेरानं २०२४ मध्ये सांगितलेलंच आहे. जाहिरात कागदावर येऊन तिच्याखाली सह्या होणार हे कळल्यावर मालक आणि दलाल दोघंही ती टाकताना हात आखडतील. पुढे नळाला टँकरचं पाणी आलं तर भाडेकरूकडे दाखवायला काहीतरी असेल, आणि अकरा महिने भरायच्या आत घर सोडताना अनामत अडकवून ठेवणाऱ्याला उत्तर देता येईल. टोकनचाही तसाच नियम हवा. घर जाहिरातीप्रमाणे नसेल तर टोकन त्याच दिवशी परत.

माझ्या भाचीला पाचातले दोन हजार परत मिळाले, तेही तिचा नवरा दलालाच्या दुकानात दोन तास बसून राहिला म्हणून. तीन आठवडे दोघं माझ्याकडे राहिली. ज्वारीच्या भाकऱ्या आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. नंतर त्यांना वडगावात एक घर मिळालं, लहान आहे, पण खिडकीतून पिंपळ दिसतो.

परवा रात्री तिचा मेसेज आला. तीच जाहिरात, तोच पिवळा पडदा, खाली 'आज अपडेट केलं'. भाडं साडेसोळा हजार झालंय. मी फोटो मोठा करून फरश्या पुन्हा मोजल्या, साडेपाच बाय साडेचार, आणि ते माप जाहिरातीखालच्या तक्रारीच्या चौकटीत लिहून पाठवून दिलं. अजून उत्तर आलेलं नाही.